तेराव्यानंतर कोण जातं?

तू परवा विचारलंस ते मनात घोळत राहिलं. तुझं म्हणणं असं, की सरकारी मदत आता थेट बँक खात्यात जमा होते, बरेच अर्ज मोबाइलवरून भरता येतात, मानसिक आधारासाठी चोवीस तास फोन आहे. मग शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केलेल्या बाईच्या दारात आपण पुन्हा पुन्हा कशाला जायचं? आपल्या जाण्याने तिची जखम उकलते, त्यापलीकडे काय होतं? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या गावांत हे काम करायला लागून मला बावीस वर्षं झाली. जे पाहिलं त्यातूनच सांगते.

तुझं एक म्हणणं आधीच मान्य करते. पहिल्या भेटीने काहीही होत नाही. उलट पहिली भेट बऱ्याचदा त्रासाचीच असते. त्या तेरा दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं. पोलीस पंचनाम्यासाठी येतात, तहसीलची माणसं चौकशीला येतात, पुढारी येतात, कॅमेरेवाले येतात. घाटंजी तालुक्यातल्या एका घरी मी अशीच सातव्या दिवशी गेले होते. ओसरीत बसलेल्या त्या बाईने माझ्याकडे न बघताच विचारलं, "तुमाले बी फोटू पाह्यजे का?" तिने नवऱ्याचा पासपोर्ट फोटो ब्लाउजमध्ये ठेवला होता. आला तो मागायचा, म्हणून हाताशी असावा यासाठी. घामाने फोटोच्या कडा मऊ पडल्या होत्या. मी तो घेतला नाही. चहा प्यायले आणि उठताना एवढंच म्हटलं, "पोळ्यानंतर येते."

पोळ्यानंतर मी खरंच गेले, तेव्हा त्या घरी कोणी नव्हतं. म्हणजे ती होती, दोन मुलं होती, सासू होती. पण येणारं-जाणारं कोणी उरलं नव्हतं. चुलत दीर बोलेनासा झाला होता. बचत गटातल्या बायका हप्त्याच्या दिवशी तेवढ्या यायच्या. कृषी केंद्रवाल्याचा माणूस उधारीसाठी दोनदा येऊन गेला होता. कपाशी गुडघ्याएवढी झाली होती आणि डवरणीला, म्हणजे ओळींमधलं तण काढायला, बैलजोडी कोण देणार हा प्रश्न होता. मला बघून ती म्हणाली, "तुमी खरंच आल्या का?"

आपलं काम तिथून सुरू होतं. शोक सगळे करतात. तो ओसरल्यावर बाईच्या दारात ज्या गोष्टी एकेक करून येऊन उभ्या राहतात, त्या बघायला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गावात कोणी नसतं. फोन करावा एवढीसुद्धा उभारी तिच्यात नसते. आणि बऱ्याच घरांत मोबाइल नवऱ्याच्या नावाचा असतो, तो दिराकडे किंवा मोठ्या मुलाकडे गेलेला असतो. ओटीपी तिथेच जातो. पैसे थेट खात्यात येतात हे खरं, पण ते खातं कुणाचं, त्याला आधार जोडलंय का आणि पासबुक कुणाच्या पेटीत आहे, हे घरात बसून बघितल्याशिवाय कळत नाही.

आता मदतीच्या पैशांचं. आत्महत्या 'पात्र' ठरली तर राज्य सरकार एक लाख रुपये देतं. त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, ही रचना २००६ पासूनची आहे. पात्र ठरायला कुटुंबाच्या नावावर शेती हवी, बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज हवं आणि ते थकल्यामुळेच हे घडलं असं चौकशीत दिसायला हवं. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती घेते. जो माणूस दुसऱ्याची जमीन मक्त्याने करत होता, ज्याचं देणं गावातल्या बिनपरवाना सावकाराचं होतं, तो या चौकटीत बसत नाही. बाई स्वतः शेती करत होती आणि तिनेच जीव दिला, तर ती शेतकरी होती हे मानायलाच लोक तयार होत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात शेतीशी निगडित ११,२९० जणांनी आत्महत्या केल्या. त्यांत शेतकरी आणि शेतमजूर दोघेही आले. महाराष्ट्रातले ४,२४८ होते, सगळ्या राज्यांत सर्वाधिक.

'अपात्र' हा शब्द घरात कसा वाजतो ते तू अजून ऐकलेलं नाहीस. कागद येतो तेव्हा गावातले लोक म्हणतात, सरकारनंच सांगितलं की कर्जामुळे नाही मेला. मग दारूचं निघतं, घरातल्या भांडणाचं निघतं आणि शेवटी बोट बायकोकडे वळतं. एका विशीतल्या पोरीला तिची सासू माझ्यासमोर म्हणाली होती, "कागदावर लिहून आलं, आता तरी कबूल कर." त्या दिवशी मी तिथे नसते तर त्या पोरीचं काय झालं असतं, याचा मी आजही विचार करते. 'अपात्र' म्हणजे फक्त सरकारी निकषात बसलं नाही, त्यात मरणाचं कारण ठरत नाही, हे मी सासूला आणि जमलेल्या चार बायकांना त्याच ओसरीत बसून समजावलं. दोन तास लागले. हे काम कुठलंही पोर्टल करणार नाही.

आणि एक लाख मिळाले तरी त्यावर घर उभं राहत नाही. हातातले ३० हजार तेराव्याच्या खर्चात आणि उधारीत पहिल्या महिन्यातच जातात. म्हणून मी नव्या कार्यकर्त्यांना सांगते, त्या लाखाच्या मागे सगळी शक्ती लावू नका. घरातली सगळी पासबुकं मागा आणि मे-जूनच्या नोंदी बघा. ४३६ रुपये कापले गेलेले दिसले, तर तो पंतप्रधान जीवनज्योती विमा आहे. त्याचे दोन लाख मिळतात आणि नोंदणीनंतरचे पहिले ३० दिवस उलटून गेले असतील तर आत्महत्येलाही मिळतात. खात्यातून दरवर्षी पैसे जात होते हे नवऱ्यालाही माहीत नसतं, बायकोला तर नाहीच. २० रुपयांची नोंद दिसली तर तो अपघात विमा. त्याचा इथे उपयोग नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजनाही आत्महत्येला लागू होत नाही. लोक त्यासाठी महिनोन् महिने खेटे घालतात, ते वाचव. बाईच्या नावावर मायक्रोफायनान्सचं कर्ज असेल तर कर्जाचं कार्ड आणि विम्याचा कागद शोध. अशा कर्जांना जोडलेल्या विम्यात पुष्कळदा नवऱ्याचाही समावेश असतो आणि दर आठवड्याला हप्ता न्यायला येणारा माणूस ते आपणहून सांगेलच असं नाही. एका घरी आम्हाला असा कागद तांदळाच्या डब्यात सापडला. १४ हप्ते राहिले होते. ते माफ झाले.

बाकीच्या योजना तुला माहीत आहेत, तरी जिथे अडतं तेवढं सांगते. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस ६० च्या आत गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत एकरकमी २० हजार मिळतात. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात, पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार आहे. महिन्याला १,७५० रुपयांत कुठलं घर चालतं? निंदण-वेचणीची मजुरी करणारी कुठलीही बाई त्यापेक्षा जास्त कमावते, म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यापाशीच अर्ज अडतो. ही मर्यादा अन्यायाची आहे आणि ती वाढावी म्हणून आपण भांडलंच पाहिजे. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. आई जिवंत असतानाही एक पालक गमावलेल्या मुलाला ती मिळू शकते, हे गावात जवळपास कोणालाच ठाऊक नसतं. "अनाथ पोरायसाठी हाये ते," असंच सगळे म्हणतात.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट सातबारा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगणारा उतारा. या उत्तरातलं एकच लक्षात ठेवणार असशील तर हे ठेव.

नवरा गेल्यावर जमिनीच्या कागदावर बाईचं नाव लागलं नाही, तर ती त्या शेतात फक्त राबते. तिला सोसायटी पीककर्ज देत नाही, कारण खातेदार ती नाही. पीएम किसानचे हप्ते बंद होतात आणि वारस म्हणून नव्याने नोंदणी करायला सातबाऱ्यावर नाव लागतं. पीक विमा, नुकसानभरपाई, विहीर, ठिबक, सगळं तिथेच अडतं. कापूस हमीभावाने विकायचा तर केंद्रावर सातबारा मागतात. तो नाही म्हणून ती खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याला देते आणि तो म्हणेल तो भाव घेते. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत अशा ५०५ स्त्रियांशी बोलून पाहणी केली होती. त्यांतल्या सुमारे ४० टक्के जणींच्या नावावर तेव्हा जमीन झालेली नव्हती. नवऱ्याच्या हयातीतच बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावावं, हा आग्रह शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत धरला होता, त्यालाही आता पस्तीसेक वर्षं झाली. गावोगाव पुरुषांनी त्या वेळी स्वतःहून नावं लावली होती. ती हवा पुढे टिकली नाही याचं मला फार वाईट वाटतं.

कायदा बाईच्या बाजूने आहे. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या हिश्शावर बायको, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई यांचा पहिला आणि सारखा हक्क. पुढे तिने दुसरं लग्न केलं तरी वारशाने आलेला तो हक्क जात नाही. सासरे हयात असतील आणि जमीन त्यांनी स्वतः घेतलेली असेल तर आज काही मागता येत नाही, पण वडिलोपार्जित असेल तर नवऱ्याचा हिस्सा असतो आणि तो तिच्याकडे व मुलांकडे येतो. घरात मात्र सांगितलं जातं, "जमीन बुड्याच्या नावानं हाये, तुह्यं काय हाये त्यात?" आणि ती गप्प बसते. कधी तिला तहसीलला नेऊन कुठल्या कागदावर अंगठा घेतात, तर ते हक्कसोडपत्र निघतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच मी एक वाक्य हमखास बोलते: वर्षभर कुठल्याही कागदावर सही करायची नाही, आधी मला फोन करायचा.

वारस नोंदीचं काम तू एकदा स्वतः सोबत राहून करून घे, म्हणजे कुठे काय अडतं ते कळेल. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आठ-अ म्हणजे जमिनीचा खातेउतारा आणि अर्ज तलाठ्याकडे जातो. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून तलाठीच. फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, धरला जातो, संबंधितांना नोटीस जाते आणि १५ दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. हरकत आली की प्रकरण लांबतं. मुलं लहान असतील तर त्यांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असं लागतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. तिथे 'आई'च्या जागी काकाचं नाव घुसलेलं मी तीन वेळा पाहिलं आहे. एकदा तर नोंद मंजूर होऊन सहा महिने झाले होते आणि बाईला पत्ता नव्हता. म्हणून नोंद झाली असं कोणी सांगितलं तरी समाधान मानू नकोस. सातबारा काढ आणि तिच्यासमोर बोट ठेवून एकेक नाव वाचून दाखव. २०२५ मध्ये सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला सुरुवात केली, ती चांगली गोष्ट झाली. पण अर्ज कोणी दिला आणि त्यात कोणाची नावं टाकली, हे शेवटी कोणीतरी घरी जाऊनच बघावं लागतं.

घाटंजीच्या त्या बाईची नोंद व्हायला १४ महिने लागले. दिराने हरकत घेतली होती. सुनावणीच्या दिवशी ती सकाळची एसटी पकडून यायची, आमची कोणी ना कोणी स्टँडवर तिची वाट बघत असायची. तिसऱ्या तारखेला मी आजारी होते आणि दुसरं कोणी जाऊ शकलं नाही. ती एकटीच आत गेली. संध्याकाळी फोनवर म्हणाली, "ताई, मी सायबाले म्हटलं, मले खुर्ची द्या, मंग बोलतो." दीड वर्षापूर्वी जी बाई ओसरीत मान खाली घालून बसली होती, तीच ही. नोंद मंजूर झाल्यावर तिने सातबाऱ्याची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवळीत, देवांच्या फोटोमागे ठेवली.

मनाच्या आजाराबद्दल तू विचारलं नाहीस, पण सांगायलाच हवं. नवरा गेलेल्या बाईच्या मनातही तोच विचार येऊ शकतो आणि तो विचारल्याशिवाय ती सांगत नाही. आपल्याकडे समज असा, की विचारलं तर डोक्यात भरेल. तसं होत नाही. मी सरळ विचारते, "जगू नये असं वाटतं का?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझाच आवाज कापला होता. बाई रडते, थांबते आणि बहुतेक वेळा म्हणते की हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. उत्तर 'हो' असेल तर तिला एकटी सोडायची नाही, घरातलं एखादं विश्वासाचं माणूस सोबत द्यायचं, फवारणीची औषधं त्याच दिवशी घरातून हलवायची आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात स्वतः सोबत जायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आधाराच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मी भिंतीवर खडूने मोठा लिहून येते. त्यावर मराठीत बोलता येतं. राज्याचा प्रेरणा प्रकल्पही शेतकरी कुटुंबांसाठी आहे आणि तिथल्या समुपदेशकांशी तुझी ओळख असलीच पाहिजे. आशाताईंना धरून राहा. गावात कोणाची झोप उडाली आहे हे त्यांना आपल्याआधी कळतं.

घरापर्यंत जाण्याने फरक पडतो हे मी नुसतं अनुभवाने म्हणत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला होता. गावातल्याच लोकांना शिकवून घरोघरी पाठवलं, गरज पडेल तसं समुपदेशक आणि डॉक्टरांशी जोडून दिलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक कुठली तरी मदत घेत होते; दीड वर्षाने ते प्रमाण २७.२ टक्के झालं. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आला असं सांगणाऱ्यांचं प्रमाणही ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. डॉक्टर आधीही होते, दवाखाना आधीही होता. मधलं अंतर चालून जाणारं माणूस नव्हतं.

किल्लारीच्या वेळीही हेच दिसलं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा तो भूकंप. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत गावंच्या गावं गेली. पुढे घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं आलं तेव्हा गावातल्याच स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. अनुदानाचे हप्ते कसे मिळतात, भिंतीत काय घालायचं, इंजिनिअरला काय विचारायचं, हे त्या घरोघरी जाऊन सांगत. माझ्या पहिल्या प्रशिक्षणात अशाच एक मावशी शिकवायला आल्या होत्या. त्यांचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं: "आधी त्यांच्या घरचं पाणी प्यायचं, मग कागद काढायचा."

आता आमच्या चुकाही ऐक, म्हणजे त्या तू करणार नाहीस. सुरुवातीच्या काळात आम्ही शिलाई मशीन वाटल्या. देणगीदार मिळाले, कार्यक्रम झाला, फोटो निघाले. वर्षाने फेरी मारली तर १८ पैकी ४ मशीन चालू होत्या. बाकीच्यांवर गोधड्या ठेवलेल्या, एकीवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. दोनशे उंबऱ्यांच्या गावात आधीच दोन शिंपी असताना ब्लाउज शिवून किती बायका जगणार, हे आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, की त्यांना शेती येते. निंदण, वेचणी, बियाणं निवडणं, जनावरं हे सगळं त्या लग्नाआधीपासून करत आल्या आहेत. नवऱ्याचं काम होतं ते बाजारातलं: बियाणं-खताचा सौदा, कर्ज, विक्री. म्हणून आता आम्ही तिथेच सोबत करतो. पहिल्या हंगामात कृषी केंद्रात तिच्याबरोबर जातो, पक्की पावती मागायला लावतो. सगळ्या रानात कपाशी लावण्याऐवजी थोडी तूर, थोडी ज्वारी, बांधाला भाजी असं तिच्याशी बोलून ठरवतो. दोन शेळ्या असतील तर त्यांचा विमा काढतो. 'उमेद' या सरकारी अभियानाच्या बचत गटात तिचं नाव असेल तर ते टिकवायला मदत करतो, कारण पहिल्या थकलेल्या हप्त्यानंतर गट तिला काढायला बघतो.

नवऱ्याच्या देण्याबद्दल आणि सावकाराबद्दलही सांगायला हवं. वारसांवर नवऱ्याच्या कर्जाची जबाबदारी येते ती त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. बिनपरवाना सावकारी हा २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि अशा सावकाराने लिहून घेतलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. पण सावकार त्याच गावात राहतो, तिची मुलं त्याच्या दुकानासमोरून शाळेत जातात. म्हणून तक्रार करायची की नाही हा निर्णय तिचा. एका संस्थेने उत्साहाच्या भरात अशी तक्रार बाईच्या नावाने परस्पर करून टाकली होती. ती बाई पुढे चार महिने माहेरी जाऊन राहिली. तिला न विचारता तिच्यासाठी लढलेलं तिच्याच अंगावर येतं.

आणि गाव. गावाशी बोलल्याशिवाय घर उभं राहत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. आमच्याकडच्या काही गावांत ठराव झाले. पण ठरावाने हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. एका गावात संक्रांतीला आम्ही अंगणवाडी ताईंना विनंती केली की वाणाला या बायकांनाही बोलवा. पहिल्या वर्षी सगळ्या जणी भिंतीला टेकून बसल्या, कोणी पुढे येईना. मग अंगणवाडी ताईंच्या ऐंशी वर्षांच्या सासूबाई उठल्या. त्या स्वतः तिशीत विधवा झालेल्या. त्यांनी एकीच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि कपाळाला हळद लावली. कोणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षी बोलवावं लागलं नाही, आपण होऊन आल्या. हा बदल बाहेरून येऊन मला करता आला नसता. माझं काम त्या सासूबाईंपर्यंत पोचण्याचं होतं.

तुझ्या प्रश्नातला जखम उकलण्याचा मुद्दा राहिला. उकलते, जर आपण दर वेळी तोच प्रश्न विचारत असू तर. 'त्या दिवशी काय झालं' हे मी कधीच विचारत नाही. सांगायचं असेल तर ती सांगते. एकीने सहा वर्षांनी सांगितलं, तेही भाकरी थापताना. मी विचारते ते पिकाचं, मुलीच्या दहावीचं, गुडघ्याचं. मागच्या वेळी काय ठरलं होतं ते लक्षात ठेवते आणि जे करते म्हटलं होतं ते केलं की नाही ते आधी सांगते. झालं नसेल तर झालं नाही म्हणते. या बायकांना आश्वासनं फार मिळालेली असतात. 'बघू', 'करू' हे शब्द मी त्यांच्यासमोर वापरत नाही. एकदा मी एका बाईला म्हटलं होतं की प्रकरण नक्की पात्र होईल. ते झालं नाही. तिने त्या भरवशावर खताची उधारी केली होती. ती माझी चूक होती आणि तिचा भार तिने दोन हंगाम वाहिला.

किती वेळा जायचं? माझा हिशेब असा: पहिल्या तीन महिन्यांत दर पंधरवड्याला, मग पेरणी होईपर्यंत महिन्यातून एकदा, मग वारस नोंद लागेपर्यंत तारखांप्रमाणे. वर्षश्राद्धाच्या आसपास एक भेट चुकवू नकोस. ते दिवस वाईट जातात. एका कार्यकर्तीकडे वीस-पंचवीस घरांपेक्षा जास्त देऊ नयेत असं मी प्रत्येक बैठकीत सांगत आले आहे आणि प्रत्येक बैठकीत आकडा वाढवून मिळतो. ते तू ऐकून घेऊ नकोस. पन्नास घरं दिली की सगळ्या भेटी पहिल्याच भेटी होतात.

आणि कधी थांबायचं, हे कळतं. घाटंजीच्या त्याच बाईकडे मी परवा डिसेंबरमध्ये, बऱ्याच महिन्यांनी गेले. दाराला कडी होती. शेजारणीने शेताकडे हात दाखवला. धुऱ्यावरून चालत गेले, तर सहा-सात बायका ओळीने वेचत होत्या आणि ही वजनकाट्यापाशी उभी राहून कोणी किती किलो वेचलं ते वहीत लिहीत होती. गळ्यात मोबाइल लटकत होता, ट्रॅक्टरवाल्याशी भाड्यावरून बोलणं चाललं होतं. मला बघून हसली, हात वर केला आणि ओरडली, "ताई, आज टाइम नाही ना माय! वेचनी उरकू द्या, मंग या." मी धुऱ्यावरच पाणी प्यायले आणि मागे फिरले.

तुझ्या यादीतल्या तिसऱ्या घराची वर्दी, म्हणजे वारस नोंदीचा अर्ज, तलाठ्याकडे पोचली का, ते उद्या बघून घे. सासूचं नावही वारसांत घालायला सांग. ते राहिलं तर हरकत तिच्याकडूनच येईल.